लेपर्ड गेकोच्या बोटांवर कात पुन्हा पुन्हा अडकते? आधी ओली डबी कुठे ठेवली आहे ते बघा

चिंगी ही आमची लेपर्ड गेको, वय तीन वर्षं. घरातले तिला सरळ 'पाल' म्हणतात आणि मी पाल पाळली म्हणून हसतात. जातकुळी बघितली तर ते फारसे चुकत नाहीत. तर या पालीने सलग चार वेळा कात टाकली आणि चारही वेळा मागच्या पायांच्या बोटांवर पांढरट टोपडी राहून गेली. दर वेळी मी कोमट पाणी, इअरबड (कान साफ करायची कापसाची काडी), अर्धा तास खटपट करून ती सोडवायचे. महिना-सव्वा महिन्याने पुन्हा तेच. चौथ्या खेपेला एक बोट सुजलेलं दिसलं आणि मनात शंकेची पाल चुकचुकली (आमच्याकडे हा वाक्प्रचार जरा जपूनच वापरावा लागतो). कात सोडवण्यात मी तरबेज झाले होते, पण ती अडकते का हे एकदाही बघितलं नव्हतं.

एखाद्या वेळी एखाद्या बोटाला कात राहिली तर एवढं सगळं करायची गरज नाही. दर कातीला हेच होत असेल त्यांनी पुढे वाचा.

आज अडकलेली कात

कारण शोधायला वेळ लागतो, बोटाला तेवढा वेळ नसतो. म्हणून आधी हे.

बोट काळं-निळं पडलं असेल, फुगून गरगरीत झालं असेल किंवा त्यातून पाणी येत असेल, तर घरी काही करू नका. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. डोळा उघडत नसेल, पापणीच्या आत पांढरा गोळा दिसत असेल, तरीही तेच. डोळ्यात चिमटा घालायचा नाही, 'नुसतं टोक दिसतंय, ओढलं की येईल' असं वाटलं तरी नाही. मात्र अल्बिनो (काळा रंग नसलेल्या) जातीचे गेको उजेडात डोळे मिटूनच बसतात. तुमचा तसा असेल तर आधी दिवा मंद करून बघा.

बाकी साधी अडकलेली कात घरी सुटते. झाकणाला भोकं पाडलेला एक डबा घ्या, तळाशी ओला किचन पेपर पसरा, पोटाला जेमतेम लागेल एवढंच कोमट पाणी घाला. पाणी २८ ते ३० अंश सेल्सिअसचं असावं. आपल्या हाताला ते कोमटसुद्धा लागत नाही, आणि तिथेच लोक चुकून गरम पाणी घेतात. गेकोला त्यात १५-२० मिनिटं राहू द्या आणि स्वतः समोर बसा, खोली सोडून जाऊ नका. मग ओल्या इअरबडने बोटाच्या मुळाकडून नखाकडे हळूहळू लोळवत न्या. सैल झालेली कात मोज्यासारखी उतरते. उतरत नसेल तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. कोरडी कात ओढली की खालची नवी कातडी सोलवटते आणि मग पुढची कात त्या जखमेवर हमखास अडकते. धरताना शेपटीला हात लावू नका, घाबरली की ती शेपटी टाकून देते. शेपटी तुटली तर निदान दुसरी येते, जरा बेढब का होईना. बोट एकदा गळलं की परत येत नाही.

आणि हा डबा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. हातही साबणाने धुवा.

बोटंच का?

कातीच्या बऱ्याच आधीपासून जुन्या कातडीखाली नवी कातडी पूर्ण तयार होत असते. ती तयार झाली की दोन्हींच्या मध्ये द्रव झिरपतो आणि जुना थर सुटा होतो. गेको पांढुरका, मळकट दिसू लागतो तो या काळात. मग तोंड आणि पाय दगडावर घासून तो कात फाडतो, दातांनी ओढतो आणि खाऊन टाकतो. खाऊन टाकतो म्हणूनच घोटाळा होतो. साप पाळणाऱ्याला सापाची अख्खी कात त्याच्या काचेच्या टाकीत मिळते, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट ती तपासता येते. आपल्याला पुरावाच मिळत नाही. काल पांढरी होती, आज झळझळीत दिसते, म्हणजे झालं, असं आपण धरून चालतो आणि बोटं बघायची राहून जातात.

मधला तो द्रव कमी पडला, किंवा बाहेरच्या कोरड्या हवेने जुना थर सुटायच्या आतच वाळला, तर कात चिकटून बसते. पाठीवर मोठा सपाट पत्रा असतो, तो कसाही निघतो. बोटावर तिची नळी होते, वाळली की आकसते आणि अंगठी घट्ट झाल्यासारखी रक्ताची वाट अडवते. एका कातीत बोट जात नाही सहसा. पहिलीची अंगठी तशीच राहते, तिच्यावर दुसरीची बसते, मग तिसरीची. माझ्या लेखी चार वेळा 'थोडीशीच' राहिली होती. बोटाच्या लेखी ते चार पदर होते.

आर्द्रता मोजताय, पण कुठली?

आता मूळ मुद्दा. लेपर्ड गेको 'वाळवंटी' म्हणून विकला जातो, त्यामुळे टाकी कोरडी ठेवायची असं आपल्या डोक्यात बसतं. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्येकडचा खडकाळ, कोरडा मुलूख हे त्याचं मूळ घर, हे खरंच आहे. पण त्या मुलखातल्या रणरणत्या हवेत तो दिवसा हिंडत नाही. दिवस तो दगडांच्या फटीत नाहीतर बिळात काढतो, आणि तिथली हवा वरच्यापेक्षा पुष्कळ ओलसर असते. एरवी कोरडं, आणि हवं तेव्हा शिरायला ओलसर बीळ, असं दोन्ही त्याला लागतं. टाकीत पहिलं आपण आवर्जून करतो. दुसऱ्याच्या नावाने कोपऱ्यात एक ओली डबी ठेवतो आणि विसरतो.

माझीही डबी होती. हायग्रोमीटरही (आर्द्रता मोजणारं यंत्र) होता आणि तो ४५ ते ५० टक्के दाखवत होता, म्हणजे पुस्तकात लिहितात त्या ३०-४० टक्क्यांहूनही जास्तच. त्यामुळे हवेकडे संशयाने बघायचं मला सुचलंच नाही. उलट कात अडकते म्हणून मी दिवसातून दोनदा पाण्याचे फवारे मारत होते. फवारा अर्ध्या तासात वाळायचा, बुडाचा कागद तेवढा सतत ओला राहायचा. पोटाखाली सतत ओल राहिली की कातडीला बुरशी आणि फोड येतात, म्हणजे एक दुखणं बरं करताना मी दुसऱ्याची तयारी चालवली होती. चिंगीच्या पोटाला काही झालं नाही हे नशीब.

हायग्रोमीटर लावला होता थंड बाजूच्या काचेवर, वरच्या बाजूला. आता एक साधा हिशेब बघा. २५ अंशांवर ५० टक्के आर्द्रता असलेली हवा, तिच्यात पाण्याचा थेंबही न वाढवता, ३२ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता उरते साधारण ३३ टक्के. वाफ तेवढीच असते, पण तापलेल्या हवेची तहान वाढलेली असते. चिंगी दिवसाचे बहुतेक तास गरम बाजूच्या कपारीत, हीट मॅटच्या (टाकीला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईच्या) वर काढत होती. मी मात्र जिथे ती नव्हती तिथली हवा मोजत होते.

आणि ओली डबीही थंड बाजूलाच होती. का, तर तिथे ती लवकर वाळत नाही! माझी सोय झाली, चिंगीची नाही. अंगाला ऊब हवी असताना थंडगार ओल्या कागदात जाऊन कोण बसेल? दोन रात्री मोबाइल टाकीसमोर ठेवून चित्रण केलं तेव्हा कळलं. ती डबीपर्यंत यायची, तोंड आत घालायची आणि परत फिरायची.

डबी उचलून हीट मॅटच्या कडेला ठेवली, निम्मी मॅटवर, निम्मी बाहेर. आत स्पॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), पिळल्यावर थेंब पडणार नाही इतपतच ओलं. झाकण बंद, शिरायला बाजूला एकच भोक, तिच्या डोक्याहून थोडं मोठं. भोक मोठं असलं किंवा झाकण नसलं की आतली ओल उडून जाते. आत ७० ते ८० टक्के मिळायला हवेत. मॉस दर दोन-तीन दिवसांनी चाचपायचं, आठवड्याला बदलायचं. ही डबी फक्त कातीच्या दिवसांत ठेवतात काही जण, पण जुना थर सुटायची तयारी आपल्याला पांढरेपणा दिसायच्या आधीच सुरू झालेली असते. डबी बारा महिने ठेवा, कधी शिरायचं ते त्या प्राण्याला कळतं.

तिसऱ्या रात्री चिंगी आत जाऊन बसली ती सकाळपर्यंत.

यंत्रावर विश्वास किती ठेवायचा

काट्याचे गोल हायग्रोमीटर बहुतेकदा शोभेचेच असतात. डिजिटल घ्या, शक्यतो वायरला सेन्सर असलेला, म्हणजे सेन्सर थेट कपारीत सोडता येतो. आणि घेतलेला तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, पाण्याचे मोजके थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते बूच आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. संपृक्त मिठाच्या पाण्यावरची हवा नेहमीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते, म्हणून यंत्राने तेवढंच दाखवायला हवं. माझ्याने ८४ दाखवले. म्हणजे तो '५०' म्हणत होता तेव्हा तिथेसुद्धा खरे ५० नव्हतेच. चिठ्ठीवर 'नऊ वजा करा' असं लिहून मी ती यंत्रालाच चिकटवली आहे.

तापमानही बघा. गरम जागेचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २४-२६ च्या आसपास. हीट मॅटला थर्मोस्टॅट (तापमान आवरणारं यंत्र) नसेल तर बाकीचं सगळं सोडून आधी तो बसवा. भाजलेल्या पोटावरची कातडी पुढे किती काती नीट टाकणार नाही ते सांगता येत नाही. उलट टाकी फार थंड असेल तर प्राणी खात नाही, पचवत नाही, कातही लांबवतो.

कुठे अडकते, त्यावरून काय समजायचं

नुसती बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर राहत असेल तर नव्वद टक्के ओल्या डबीचंच काम आहे. नव्वद हा माझा अंदाज, कुठल्या अभ्यासातला आकडा नव्हे. त्याच्या जोडीला टाकीत खरखरीत काही आहे का बघा. नुसत्या कागदावर, गुळगुळीत प्लास्टिकच्या गुहेत राहणाऱ्या गेकोला अंग घासायला काही मिळतच नाही. एक खडबडीत दगड किंवा लाकडाचा तुकडा पुरतो.

अंगभर ठिगळाठिगळांनी निघत असेल तर प्राणी आतून कोरडा पडलाय किंवा आजारी आहे. पाण्याचं भांडं रोज बदलताय ना? शेपटी बघा. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो, धडधाकट प्राण्याची शेपटी मानेइतकी तरी जाड असते. खातोय पण शेपटी बारीक होत चाललीय आणि कातही नीट पडत नाही, ही जोडी वाईट. जंत असू शकतात, क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटातला सूक्ष्म परजीवी असू शकतो, आणि यातलं काहीही ओल्या डबीने बरं होत नाही. विष्ठेचा ताजा नमुना घेऊन पशुवैद्याकडे जा. टाकीत दुसरा गेको असेल तर आधी वेगळा करा.

डोळ्यांभोवती वारंवार राहत असेल तर अ जीवनसत्त्वाकडे बघावं लागतं. गेकोला खायला देतो ते रातकिडे, मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या), डुबिया झुरळं या सगळ्यांत ते जवळपास नसतंच. जीवनसत्त्वांची पावडर वापरत असाल तर डब्यावर रेटिनॉल (तयार अ जीवनसत्त्व) लिहिलंय का नुसतं बीटा-कॅरोटीन (ज्यापासून ते अंगात बनतं) हे वाचा. कीटक खाणाऱ्या सरड्यांना बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व कितपत बनवता येतं याबद्दल शंका आहे, म्हणून थोडं रेटिनॉल असलेली पावडर बरी. 'थोडं' हा शब्द इथे महत्त्वाचा. हे जीवनसत्त्व अंगात साठतं आणि जास्त झालं तर कातडीच सोलून निघते, म्हणजे दिसायला परत तीच तक्रार. अंदाजाने थेंब पाजणं, कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्शन देणं, हे नको. कॅल्शियमची गोष्ट निराळी. या कीटकांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे कॅल्शियमची पावडर हवीच, पण ती हाडांसाठी. कात अडकते म्हणून तिचा मारा करून उपयोग नाही.

नेहमीपेक्षा फार लवकर लवकर कात टाकत असेल तर माइट्स, म्हणजे अंगावरचे बारीक परजीवी किडे शोधा (काखेत आणि कानाच्या भोकाभोवती, भिंगातून), भाजल्याची किंवा चावल्याची जखम शोधा. पिल्लांना मात्र हे लागू नाही. वाढत्या पिल्लाला आठवड्या-दोन आठवड्याने कात येते. मोठ्यांना साधारण महिना ते दोन महिने.

आणि बाकी सगळं स्वच्छ निघतं पण दर वेळी तेच एक बोट राहतं, ही चिंगीची सध्याची अवस्था. तिथे टाकीचा दोष नसतो. तिथे जुनी अंगठी अजून बसलेली असते, किंवा जुन्या जखमेचा वण असतो आणि वणावरची कातडी नीट सुटत नाही. डबी हलवल्यावरच्या पहिल्या कातीला तिची सतरा बोटं कोरी करकरीत निघाली, बाकीच्या तीनपैकी दोन इअरबडने सुटली. डाव्या मागच्या पायाचं तिसरं बोट तसंच. मला तिथे जुनं काही दिसत नव्हतं, पण पशुवैद्याने मोठ्या भिंगाखाली बघितलं तर नखाच्या मुळाशी कातडीच्याच रंगाची, जुनी, घट्ट अंगठी होती. ती त्यांनी भिजवून बारीक हत्याराने काढली. नख गेलं, बोट राहिलं.

हे उपाय दुसऱ्या प्राण्याला लावू नका

कात अडकण्याची तक्रार सगळीकडे सारखीच वाटते, म्हणून एकाचा इलाज दुसऱ्यावर करायचा मोह होतो. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याची कात ठिगळाठिगळांनीच निघते, एका हाताची आज, पाठीची पुढच्या आठवड्यात. त्यात बिघाड काही नाही, ओरबाडायला जाऊ नका. क्रेस्टेड गेकोच्या बोटांना चिकटायच्या गाद्या असतात. तिथे कात राहिली की तो काचेवरून घसरू लागतो, पण त्याला सगळी टाकीच दमट लागते, नुसती डबी पुरत नाही. बॉल पायथन या अजगराच्या डोळ्यावर चकती राहिली तर ती नखाने उचकटू नका. हवा दमट करा, बऱ्याचदा पुढच्या कातीबरोबर ती निघते. राहिलीच तर पशुवैद्य आहेच.

टॅरंट्युला हा मोठा केसाळ कोळी पाठीवर उताणा पडलेला दिसला तर तो मेलेला नाही, कात टाकतोय. त्याला फवारा मारू नका, हात लावू नका, टाकीत जिवंत किडा असेल तर तेवढा बाहेर काढा. कात टाकल्यावर त्याचे सुळेसुद्धा मऊ असतात, तेव्हा काही दिवस खाऊ घालायचं नाही. इअरबड आणि कोमट पाणी घेऊन त्याच्याकडे जाणाऱ्याने सरळ परत फिरावं.

वहीत काय लिहायचं

मी आता प्रत्येक कातीला तारीख, त्या दिवसाचं कपारीतलं आणि डबीतलं वाचन, वजन (ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा पुरतो) आणि कुठे काय राहिलं एवढंच लिहिते. चारही पायांचा एकेक फोटो, तो गेकोला पारदर्शक डब्यात ठेवून खालून काढायचा. वरून काढलेल्या फोटोत अंगठ्या दिसत नाहीत. बदल एका वेळी एकच करते. मी डबी हलवली त्याच आठवड्यात पावडरही बदलली असती, तर कशाने फरक पडला ते आजही कळलं नसतं. परिणाम कळायला पुढची कात यावी लागते, तेव्हा महिना-दोन महिने धीर धरण्याला पर्याय नाही. डबी हलवल्यावर आठव्या दिवशी 'काहीच फरक नाही' म्हणून पुन्हा फवारणी सुरू करणारे बरेच असतात. मीही करणार होते.

त्यानंतर पाच काती झाल्या. एकोणीस बोटांना मी हात लावलेला नाही. बिननखाच्या त्या एका बोटावर पाचपैकी तीन वेळा टोपडं राहिलं. आता मी एक रात्र वाट बघते, डबीतल्या मॉसवर अर्धा चमचा पाणी वाढवते, आणि सकाळीही राहिलं असेल तरच इअरबड घेते. मागच्या खेपेला सकाळी बघितलं तर टोपडं नव्हतं, आणि चिंगी जिभेने ओठ चाटत डबीच्या भोकातून बाहेर बघत होती.